हलकं लाकूड

आक्का, तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. निधनाची बातमी कशी लिहावी हे मी पेपरात अनेकांना शिकवलं: नाव, वय, गाव, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. तुझी तशी बातमी एका सहकाऱ्यानं लिहिली. चार ओळींची आहे, बिनचूक आहे. त्या चार ओळींत जे बसत नाही ते इथे लिहितो. त्यातली पहिली गोष्ट अशी की मी आयुष्यभर तुझा हेवा केला, आणि तू गेल्यावरही तो उणावलेला नाही.

कारण एकच होतं आणि ते जुनं होतं. आबांची जालन्यातली लाकडाची वखार भरात होती तेव्हाच त्यांची नजर जायला लागली. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. तू सातवीत होतीस, मी चौथीत. आबांनी आठवडाभरात ठरवून टाकलं. सातवीची परीक्षा झाल्यावर तुझी शाळा बंद झाली आणि तू त्यांचे डोळे म्हणून वखारीत बसायला लागलीस. माझी शाळा चालू राहिली. आई म्हणायची, पोरीवर अन्याय झाला. शेजारीपाजारी तेच म्हणायचे. माझं मत उलट होतं. आबांनी तुला जवळ ठेवून घेतलं आणि मला बाहेर पाठवलं, असं मला वाटायचं. दोघांत लुबाडला गेलो तो मी. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. मनातल्या मनात मात्र हा वाद मी तुझ्याशी सतत घालत राहिलो आणि दर वेळी जिंकत राहिलो.

आबांनी तुला नेलं डोळ्यांसाठी, पण शिकवलं हातानं, कारण त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं. तू पाटी वाचायचीस, ट्रकचा नंबर सांगायचीस, ओंडका कुठं वाकलाय ते सांगायचीस. बदल्यात ते तुझा हात धरून लाकडावर फिरवायचे. मी शाळेतून घरी येताना वखारीवरून जायचो. दारातून दिसायचं: भुशात मांडी घालून बसलेली तू, शेजारी आबा, दोघांचे हात एकाच फळीवर. मी आत यायचो नाही. मला कुणी बोलावतही नव्हतं, कारण मला अभ्यास असायचा.

एकदाच बोलावलं. दिवाळीच्या सुटीत. आबांनी सारख्या मापाचे चार ठोकळे काढून ठेवले होते. उपरण्यानं आधी तुझे डोळे बांधले, तुझं झाल्यावर दुसऱ्या उपरण्यानं माझे. तू एकेक ठोकळा तोललास, नखानं खरवडलास, नाकाशी नेलास. कडुलिंब, साग, धावडा. चौथ्याला जरा थांबलीस.

"बाभूळ. पन गाभा न्हाई, वरचं पांढरं हाय. आन अजून ओलं हाय."

"बराबर," आबा म्हणाले.

मग मी. तोच शेवटचा ठोकळा त्यांनी माझ्या हातात आधी दिला. मी साग म्हणालो.

"दिन्या, सागानं हात तेलकट होतोय. झाला का तुजा?"

"झाला," मी म्हणालो. झाला नव्हता.

आबा मोठ्यानं हसले. "ऱ्हाऊ दे बाबा. तू पुस्तकाचा हाईस. तू पुस्तक कर." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या बोलण्यात माया होती, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की माझी परीक्षा संपली आणि तुझी चालू आहे. तू डोळ्यांवरचं उपरणं अजून सोडलं नव्हतंस. तुला पुढचा ठोकळा हवा होता.

नोकरी लागल्यावर मी बाभळीबद्दल वाचलं. तुझ्याशी बोलताना अडायला नको म्हणून. तू सांगितलेली एकही गोष्ट पुस्तकात खोटी निघाली नाही, याचा मला राग आला होता. बाहेरचं लाकूड पांढरट, त्यात गोडवा असतो म्हणून भुंगा तेच आधी खातो. गाभा चिरल्याबरोबर गुलाबी, हवा लागली की विटकरी, वर्षं गेली की तपकिरी, मधूनमधून काळसर रेषा. सागाहून जड आणि त्याच्या जवळपास दुप्पट कठीण. धक्का खातं, मोडत नाही. म्हणून बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा बाभळीचा, त्यातून निघणारे आरे बाभळीचे, कुळव बाभळीचा, तेलाचा घाणा बाभळीचा, कुदळीचा दांडा बाभळीचा. वाळल्यावर मात्र करवतीचे दात खातं, तेव्हा चिरायचं ते ओलं असतानाच. त्याआधी ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे तो गोडवा निघून जातो आणि कीड लागत नाही. चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, सावकाश वाळवायच्या. उन्हात टाकल्या की तडकल्याच. आबा म्हणायचे, साग हे बसायचं लाकूड आन बाभूळ हे राबायचं. हे पुस्तकात नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी मी घरावर एक खोली चढवली. लिहाय-वाचायची खोली. तिला लाकडी फरशी करायचं माझ्या मनात होतं. एवढी वर्षं वखार घरची असून माझ्या घरात वखारीतली एक फळी नव्हती. मी तुझ्याकडे आलो. आबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. गादीवर तू, आऱ्यावर, म्हणजे लाकूड चिरायच्या यंत्रावर, हमीदभाई. ते आबांच्या शेवटच्या दिवसांत कामाला लागले आणि राहिले. तुला ते आपा म्हणत. मी वगळता तुला बहीण म्हणणारा तो एकच माणूस, आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा म्हणणारा.

"वरच्या खोलीला सागाच्या फळ्या पाहिजेत," मी म्हणालो.

"साग कशाला? बाभूळ घाल."

"बैलगाडीचं लाकूड घरात?"

"मंग? गाडीत दोन बैलांचा जोर हाय, वर कापसाच्या गाठी हायत, खाली दगडं हायत. तुज्या खोलीत काय हाय? तू आन तुजी खुर्ची."

हमीदभाईंनी आरा बंद केला होता, त्यामुळं त्यांना ऐकू गेलं. ते हसले. तूही हसलीस.

"साग आहे ना तुझ्याकडं?"

"हाय की. लोकांला देते." मग तुला वाटलं असावं की मला लागलं. "अरे, चांगलं सांगून राह्यले. घासून घे, तेल पाज, नातवंडं नाचली तरी वरखडा न्हाई उठायचा. मी सोता चिरून देते."

मला 'लोकांला देते' तेवढंच ऐकू आलं. लोकांना साग आणि भावाला बाभूळ, असा अर्थ मी लावला. तू लोकांना काय देतेस आणि स्वतः चिरून काय देतेस, यातला फरक मी लक्षात घेतला नाही. घेतला असता तर मला रागवायला जागा उरली नसती. मी शहरातल्या दुकानातून लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या आणून बसवल्या.

पुढच्याच महिन्यात रविवारच्या पुरवणीत मी 'घरासाठी लाकडी फरशी' असा लेख लिहिला. कोणतं लाकूड किती टिकतं, कुठं वापरावं, निगा कशी राखावी. लेख बरा होता. त्यात एक वाक्य होतं: 'बाभळीसारखं हलकं लाकूड फरशीसाठी विचारात घेऊ नये.' लेख तपासून पानावर सोडणाराही मीच होतो.

मंगळवारी दुपारी तू कार्यालयात आलीस. त्याआधी कधी आली नव्हतीस. हातात पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. क्रीडा पान पाहणारा सहकारी म्हणाला, "सर, ताई डबा घेऊन आल्या." तू ते माझ्या टेबलावर ठेवलंस. पेपर सुटला. आत बाभळीचा हातभर ठोकळा होता.

"उचल."

"आक्का, इथं—"

"तुजं हलकं लाकूड हाय. उचल की. एका हातानं."

सगळे बघत होते. मी एका हातानं उचलायला गेलो, तो निसटला आणि टेबलावरच्या काचेला तडा गेला. क्रीडा पानाच्या टेबलाशी कुणीतरी खोकलं.

"मी वजनाचं लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "हलकं म्हणजे दर्जानं."

"असं व्हय. मंग तर लईच झालं. वजनात चुकला असतास तर म्हनले असते, पोराला उचलायची सवय न्हाई."

"बस तरी."

"बसायला न्हाई आले. दुरुस्ती टाक. ज्या पानावर ल्हिवलं त्याच पानावर. दोन वळी."

"दुरुस्ती माहिती चुकली तर असते. हे मत आहे."

"मत कुनाचं?"

"लेखकाचं."

"त्यानं बाभूळ कवा चिरली?"

मी चहा घेतेस का विचारलं. "वखार उघडी टाकून आले," म्हणालीस. ठोकळा एका हातानं उचललास, पदराखाली घेतलास आणि गेलीस.

दुरुस्ती मी टाकली नाही. नियम मी सांगितला तोच होता आणि तो खरा नियम आहे, पण न टाकण्याचं कारण तो नव्हता. जे लाकूड आबांनी तुझ्या हातात दिलं आणि माझ्या हातातून काढून घेतलं, त्याला मला हलकं म्हणायचं होतं. मराठीत त्यासाठी एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दात वजनही येतं आणि लायकीही. मी तो निवडून वापरला होता. त्याला चूक म्हणणं खोटं ठरलं असतं.

त्यानंतर आपण बोलत होतो. सणाला येणंजाणं होतं. भाऊबीजेला तू ओवाळायचीस. लेखाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. वरची टाकी एकदा भरून वाहिली आणि माझ्या खोलीतल्या पट्ट्या फुगल्या. तू पंचमीला आलीस, चप्पल दारात काढून वर आलीस, त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललीस. प्रत्येक पावलाला एक पट्टी खाली जायची आणि मागची वर यायची. मी वाट बघत होतो. काहीही म्हणाली असतीस तर मी तयार होतो.

"चा ठेवायला सांग," म्हणालीस आणि खाली गेलीस.

तुझा दहावा झाल्यावर मी वखारीत गेलो. हमीदभाई आरा पुसत बसले होते. मला बघून उठले आणि रडायला लागले. मोठ्यानं, लाज न बाळगता. मला तुझ्यासाठी तसं रडता आलं नव्हतं, आणि मला त्यांचा राग आला. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला मागच्या हौदाशी नेलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. त्यात बाभळीचे सात ओंडके बुडवलेले होते, वर दगड ठेवून.

"राजूर रोडच्या बाभळी हायत. रस्ता रुंद केला तवा तोडल्या. आपानं सोता जाऊन निवडल्या."

"गिऱ्हाईक कोण?"

"गिऱ्हाईक कोन न्हाई. शाळेचं स्टेज करायचं हाय, खालच्या फळ्या. आपाच्या शाळेचं."

"कोणती शाळा?"

"आपाची वो. तुमी होते तीच."

दहावीपर्यंत मी त्या शाळेत होतो. त्या स्टेजवरून भाषणं केली, बक्षिसं घेतली. तिला मी सगळीकडं 'माझी शाळा' म्हणत आलो. हमीदभाईंच्या तोंडी ती तुझी होती. गेलेल्या बहिणीचा हेवा करण्यात काही अर्थ नसतो. मला वाटला, एवढं नोंदवतो.

"कधी काढायचे हे?"

"आपा म्हनायच्या, पान्याचा वास बदलला की काढू. बघा बरं तुमी."

मी हौदाच्या काठावर गुडघे टेकून वाकलो. मला पाण्याचा वास आला. पाण्याला जसा येतो तसा. हमीदभाई माझ्याशेजारी वाकले.

"अजून पंधरा दिस. तुरट मारून राह्यलं."

"आक्कानं शिकवलं?"

"शिकवलं कुठं? संगं ऱ्हाऊन आलं." मग कदाचित माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल, त्यांनी बोलणं हलकं करायचा प्रयत्न केला. "आपा म्हनायच्या, दिनूला आऱ्याजवळ येऊ देऊ नका, बोटं ठेवून जाईन. ल्हिनार कशानं मंग?"

मी हसलो. तू माझ्या बोटांबद्दल कुणाशी तरी बोलत होतीस, हे मला माहीत नव्हतं.

लाकूड तयार झाल्यावर शाळेला हवंय का, माप पक्कं आहे का, हे विचारायला मी शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापिका बाहेरगावच्या. आपल्या दोघांना तिथं पाहिलेलं कुणी आता त्या शाळेत नाही. त्यांनी तुझ्याबद्दल जे सांगितलं ते मी घरी येऊन लगेच लिहून काढलं, जसं सांगितलं तसं.

तू उन्हाळी सुटी लागण्याआधी माप घ्यायला गेली होतीस. स्टेजवरच्या जुन्या फळ्या पायानं दाबून बघितल्यास आणि म्हणालीस, "हितं पोरं बोलत्यात का फळ्या? आमचा भाऊ बोलायचा तवा मला मागं फळ्याच ऐकू यायच्या."

तू मागं असायचीस. मला वाटत होतं, त्या वेळी तू वखारीत आबांशेजारी असायचीस. आबा तुला सोडत असतील, किंवा तू न विचारता येत असशील. मी स्टेजवरून सगळ्या रांगांकडे बघून बोलायला शिकलो होतो. मागच्या भिंतीकडे बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

माप झाल्यावर तू मुख्याध्यापिकांना म्हणालीस, जुनं रजिस्टर बघायला मिळेल का. त्यांनी काढलं. तुझं नाव सापडलं. जन्मतारीख, जात, गाव, शेरा. शाळा सोडण्याचं कारण: घरकाम. तू ती ओळ बोटानं वाचलीस.

"ह्ये चुकलंय, बाई."

"काय चुकलंय?"

"घरकाम मी कवाच न्हाई केलं. समदं आईनं केलं. लाकूडकाम ल्हिवा."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, जुन्या नोंदीत बदल करता येत नाही, नियम आहे. तू हसलीस, असं त्या म्हणाल्या. "आमच्या भावाच्या पेपरातबी असंच हाय," म्हणालीस.

त्यांना त्याचा अर्थ कळला नव्हता. त्यांनी मला विचारला. मी सांगितला नाही.

निघताना तू विचारलंस, आठवी कुठं भरायची त्या वेळी? त्यांनी शिपायाकडून माहिती घेऊन खोली दाखवली. मधली सुटी होती, वर्ग रिकामा होता. तू दारात उभी राहिलीस. बाकांकडे नाही, वर बघितलंस, छताच्या वाशांकडे. बराच वेळ. मग म्हणालीस, "साग हाय. बरं हाय," आणि चप्पल घालून गेलीस.

वर्गाच्या दाराशी तू चप्पल काढली होतीस. हे मुख्याध्यापिकांनी सहज सांगितलं.

आता नोंद. नऊ वर्षांपूर्वी या पेपरच्या रविवार पुरवणीत 'घरासाठी लाकडी फरशी' या लेखात बाभळीचं लाकूड हलकं असल्याचं छापलं गेलं. ते चुकीचं होतं. बाभूळ वजनानं हलकी नाही आणि दर्जानंही नाही. चुकीबद्दल लेखक दिलगीर आहे. हे छापून येईल ते पान तेच आहे. दोन ओळींऐवजी चार झाल्या, तेवढं समजून घे.

यानं तुझी मागणी पुरी होते. आपला वाद पुरा होत नाही, कारण तो बाभळीवरून नव्हताच. आबांनी कुणाला ठेवलं आणि कुणाला घालवलं, यावरून होता, आणि तो मी एकट्यानंच घातला. तुझ्याशेजारी बसून जेवलो, तुझ्याकडून ओवाळून घेतलं, तुझ्या खांद्याला खांदा लावून आबांना पोचवलं, पण एक साधा प्रश्न मी तुला विचारला नाही. बातमीदार म्हणून मी तो कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता: तुला शिकायचं होतं का?

उत्तर माहीत नव्हतं असं नाही. तू 'व्हय' म्हणाली असतीस, तर तुझा हेवा करायचा माझा हक्क त्याच दिवशी संपला असता. आणि आबांच्या वखारीतून माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं.